पाणी देणे आणि पाणी घेणे

देवापुढे सर्व माणसे सारखी आहेत, हे आपल्या मंडळीतील लहान मूलही सांगेल. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा वाटा सर्वांस मिळतो. परंतु ही समता आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत किती येते, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो. कारण उपासना आठवड्यातून एक दिवस होते आणि चूल रोज पेटते.

आपल्याच जिल्ह्यात, सावित्री नदीच्या काठी, महाड आहे. तेथील चवदार तळ्यावर परधर्मीयांस आडकाठी नव्हती. अस्पृश्य मानिलेल्या माणसास मात्र मनाई होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे ठरविले. तथापि त्या ठरावांनी कोणाची तहान भागली नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याबद्दल त्या लोकांस मार खावा लागला, आणि तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

आपण जो विश्वास मंडळीत उभे राहून कबूल करितो, तोही एका अर्थी ठरावच होय. त्याचा अंमल घरी व्हावयाचा असतो.

सूखार गावच्या विहिरीवर प्रभू थकून बसला, तेव्हा त्याने काय केले? यहूदी लोक ज्यांचा विटाळ मानीत, त्या शोमरोनी लोकांतील एका स्त्रीजवळ त्याने पाणी मागितले. घागर तिची, हातही तिचा. जिवंत पाणी देणारा तो, पण आधी मागणारा झाला. यातील मर्म आपण ध्यानात घ्यावे. देणाऱ्यास उंच आसनावर बसूनही देता येते. घेणाऱ्यास खाली उतरून बरोबरीस यावे लागते.

भातकापणीस आलेल्या कातकरी बाईस आपण पडवीत पेज देतो, हे चांगलेच आहे. पण तिच्या वाडीवर गेलो असता तिने पुढे केलेला तांब्या आपण तोंडास लावितो काय? कोणी म्हणेल, हा केवळ स्वच्छतेचा विचार आहे. बंधूंनो, स्वच्छता भांडे पाहते. जात हात पाहते. आपण काय पाहतो, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे.

हीच कसोटी आपल्या संसारास लावावी. पती घरी धान्य आणितो, लुगडे आणितो. पण पत्नीची मसलत घेतो काय? कौटुंबिक प्रार्थना तिने चालवावी आणि त्याने मस्तक लववून आमेन म्हणावे, असे कधी घडते काय? मुलीचे स्थळ पाहताना मुलाचा विश्वास व वर्तन विचारून झाल्यावर, 'पूर्वीचे कोण?' असा प्रश्न हळूच का निघतो?

हे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या पतीचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तरी त्या पुढे काही काळ सोवळे पाळीत राहिल्या. परंतु देवाने जात निर्माण केली नाही, असे मनाने घेतल्यावर, १९०० साली स्वतःचा बाप्तिस्मा होण्यापूर्वीच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. पुष्कळांचा क्रम याच्या उलट असतो: बाप्तिस्मा आधी होतो, आणि तो घोट घ्यावयाचा राहून जातो.

तो राहून गेला असेल, तर वाडीवर कोणी पाणी पुढे करील तेव्हा उपदेशकाने ते आधी प्यावे, मग बोलावे. घरधन्याने एका संध्याकाळी पुस्तक पत्नीच्या हाती द्यावे आणि आपण ऐकत बसावे. प्रभूने जे मागून घेतले, ते घेण्यास आपणांस लाज कसली?