तिसरी डिस्क आणि डिस्क क्रमांक 3

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात 'तिसरा संच कोणता?' असे कोणी विचारले, तर ऐकणारा क्षणभर थांबेल. महाऔष्णिक विद्युत केंद्रातले 210 मेगावॉटचे पहिले दोन संच निवृत्त झाले आहेत. उरले क्रमांक 3 ते 9. हे सात मिळून 2,920 मेगावॉट. त्यांतला तिसरा मोजायला गेलात तर हाती लागतो क्रमांक 5. म्हणून जाणती माणसे 'तिसरा' म्हणतच नाहीत, 'तीन नंबर' म्हणतात. तो आकडा हे त्या संचाचे नाव आहे, आणि आधीचे दोन गेले तरी नाव बदलत नाही.

एका कार्यालयाच्या सर्व्हरखोलीत हे भान सुटलेले मी पाहिले आहे. फोनवरून निरोप आला, 'तिसरी डिस्क खराब आहे.' नव्या मुलाने डावीकडून मोजली आणि तिसरी ओढली. खणांचे क्रमांक शून्यापासून होते. क्रमांक 3 ची डिस्क चौथ्या खणात होती. एक डिस्क गेली तरी चालेल अशी ती मांडणी, दोन गेल्यावर बसली. मग रात्रभर बॅकअपवरून सगळे परत चढवणे. मुलाला बोलणी खावी लागली. माझ्या मते चूक निरोप देणाऱ्याच्या व्याकरणाची होती.

परिभाषेचा विषय निघाला की आपल्याकडे वाद एकाच गल्लीत शिरतो: इंग्रजी शब्द ठेवायचा की संस्कृत घडवायचा? सर्व्हर, रॅक, डिस्क, रेल हे शब्द खुशाल राहू द्यावेत. कोळशाच्या मालगाडीतल्या 'वॅगन'ची आपण 'वाघीण' केली, आणि ताडोबाच्या वाटेवरच्या ऊर्जानगर वसाहतीत खरी वाघीण फिरत असूनही त्या शब्दाने कुणाचा घोटाळा होत नाही. उलट 'औष्णिक' हा शब्द पाटीवर नीट बसला, तोंडात मात्र 'थर्मल'च राहिले. 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाल्यावर आलेले 'महावितरण' रुजले, कारण ते दर महिन्याच्या बिलावर घरात येते. नामांचे असेच चालायचे. भाषा संचालनालयाने 1960 पासून नामांचे पुष्कळ काम केले आहे. कामाच्या वेळी हात अडतो तो क्रियापदावर आणि इशाऱ्यावर.

'मेमरी स्थापित करा' असे वाक्य घ्या. आपण गणपतीसुद्धा 'बसवतो'. मेमरीची पट्टी 'स्थापित' कशाला करायची? ती खाचेत खोचायची असते. पट्टीची खाच मधोमध नसते, म्हणून ती एकाच बाजूने जाते. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा. कड्या खट्‌कन आपोआप मिटल्या की बसली. सरकवणे, खोचणे, अडकवणे, कसणे, उपसणे: प्रत्येक क्रियापदात हाताला किती जोर लावायचा ते आधीच सांगितलेले आहे. 'स्थापित'मध्ये ते काहीच नाही.

त्याहून धोक्याचा शब्द 'हॉट-स्वॅप'. यंत्र चालू ठेवून भाग बदलता येतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे कोणी 'उष्ण अदलाबदल' केले, तर जिथे 'बेअरिंग गरम झाले' हे वाक्य ऐकताच माणसे धावतात, तिथे त्याचा काय अर्थ लागेल? 'चालूत बदलण्याचा भाग' म्हणा. पंखा, वीजपुरवठ्याचा डबा आणि डिस्क हे बहुधा त्यात येतात. मेमरी आणि प्रोसेसर सहसा येत नाहीत, त्यांच्यासाठी आधी वीज काढावी लागते. यंत्रे बनवणाऱ्यांनाही शब्दांचा भरवसा नसावा. काही कंपन्या चालूत काढायच्या भागाची कडी विटकरी किंवा नारिंगी करतात आणि नुसत्या हात लावायच्या जागा निळ्या.

तसेच 'फील्ड रिप्लेसेबल युनिट'चे. शब्दाला शब्द ठेवून 'क्षेत्र-बदलयोग्य एकक' केले तर शेतजमिनीचा फेरफार वाटेल. सांगायचे एवढेच असते की हा भाग कारखान्यात न पाठवता जागेवरच बदलता येतो. पण तो कोणी बदलायचा? ग्राहकाने की कंपनीच्या माणसाने? वॉरंटी त्या एका उत्तरावर टिकते किंवा जाते, म्हणून मराठी नावात 'कोणी' आलेच पाहिजे: 'आपण बदलायचा भाग', 'कंपनीच्या माणसाने बदलायचा भाग'. लांबट आहेत, कबूल. सर्व्हरशेजारी उभ्या माणसाला लांबीची अडचण नसते.

तुमच्या कार्यालयात सर्व्हरची खोली असेल, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: खण शून्यापासून मोजलेले आहेत की एकपासून, 'तिसरी' म्हणू नका, 'क्रमांक 3' म्हणा, आणि कोणत्या रंगाची कडी चालूत ओढायची, तेही त्याखाली.