विसावा कोणाचा?

सहकुटुंब प्रवास ही निव्वळ चैन आहे काय, असा प्रश्न आपल्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबांत अधूनमधून डोके वर काढतो. युरोपातील गावे नि कुरणे आगगाडीच्या खिडकीतून पाहून आलेल्या आप्तांची छायाचित्रे पाहताना कौतुक वाटते. त्याचबरोबर, केवळ पाहण्यासाठी इतका खर्च करावा का, अशी शंकाही येते. आमच्या मते हा प्रश्न पैशाचा नसून विसाव्याचा आहे, आणि तो समजून घेण्यास स्वित्झर्लंड गाठण्याची गरज नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून जाणारा सुरत-भुसावळ लोहमार्ग त्यासाठी पुरेसा आहे.

नाताळच्या सुटीत आम्ही मुलांना घेऊन या मार्गाने सुरतेस जातो. खांडबारा, चिंचपाडा मागे पडले की नवापूर येते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि नव्या राज्यांची सीमा या स्थानकातून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत! फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्राचा आणि अर्धा गुजरातचा आहे. एकाच बाकावर बसून दोन राज्यांत असण्याचे मुलांना भारी अप्रूप वाटते.

परंतु दिवाळीनंतर याच सीमेपलीकडे दुसरीही कुटुंबे जातात. काही आगगाडीने, काही मालमोटारीने. जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवरून निघालेली ही माणसे बारडोली-सुरत भागात ऊसतोडीसाठी जातात. तीही सहकुटुंबच जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कष्टायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे, असा त्यांचा क्रम. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. माणसांची ओळख त्यांच्या हातातील हत्याराने व्हावी, यातच सारे आले. आमची मुले सुटीसाठी शाळेबाहेर असतात, त्यांची मुले कामाच्या हंगामासाठी. नाताळच्या दिवसांत हा हंगाम ऐन भरात असतो.

मग आपण सुटी घेऊच नये काय? आपण घरी बसल्याने त्यांच्या डोक्यावरची मोळी हलकी होणार नाही. ‘त्यांना सवयच आहे’ असे म्हणून खिडकीबाहेर पाहत राहणे तर त्याहून वाईट. आनंद हा अपराध नव्हे. आनंद ही आपलीच मिरास मानणे, हा मात्र अन्याय आहे.

शब्बाथाच्या आज्ञेकडे आपण बहुधा उपासनेची आज्ञा म्हणूनच पाहतो. ‘निर्गम’ ग्रंथात ती आज्ञा घरधन्यापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परकादेखील तिच्यात मोजला आहे. ‘अनुवाद’ ग्रंथ तर कारणही देतो: तुम्हीही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. तेव्हा विसावा हे श्रीमंतीचे बक्षीस ठरत नाही. ते माणूसपणाचे देणे ठरते.

युरोपच्या रेल्वेसहलींमागेही असाच एक इतिहास आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, रेल्वेच्या भाड्यातही सवलत मिळाली, आणि कित्येक कामगार कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात, चोविसाव्या कलमात, विश्रांतीचा आणि ठरावीक काळाने मिळणाऱ्या भरपगारी सुटीचा हक्क प्रत्येक माणसाचा म्हणून नोंदवला गेला. जी सहल आज आपल्याला चैन वाटते, ती कोणे एके काळी कष्टकऱ्यांनी मागून घेतलेला न्याय होती.

ऊसतोडीची व्यवस्था आपण एकट्याने बदलू शकत नाही, हे खरे. त्यासाठी कायदा हवा, संघटना हवी, गावातच काम हवे. पण वेशीच्या आतील परका आपल्याही दारात आहे. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई, शेतावरचा सालदार, संस्थेचा पहारेकरी यांना आपल्या सुटीच्या दिवसांत सुटी मिळते काय? मिळत असल्यास त्या दिवसांचा पगार मिळतो काय? नाताळला ताटभर फराळ देणे सोपे असते. पगार न कापता आठ दिवस मोकळे देताना आपला हात आखडतो. वाचकहो, पुढच्या प्रवासाचा खर्च मांडताना या रजेच्या रकमेची ओळ तिकिटांच्या ओळीआधी लिहिली जावी, एवढेच आमचे सांगणे. ती लिहून जो प्रवास परवडेल, तो खुशाल आनंदाने करावा.