कोसळण्याआधीची वस्ती

मिडगार नावाचं एक शहर आहे. प्रचंड खांबांवर पेललेल्या पोलादी छतावर शहर चालवणाऱ्या कंपनीच्या नोकरदारांची घरं, आणि त्या छताखाली, जिथून आभाळ दिसत नाही तिथे, बाकीचे सगळे. शहराचे आठ विभाग आहेत आणि प्रत्येकाला नुसता आकडा आहे. पूर्वी इथे वेगवेगळी गावं होती, त्यांना नावं होती, ती आता कुणाला आठवत नाहीत, असं बोलणं सुरुवातीलाच आगगाडीच्या डब्यात कानावर पडतं. ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी गेममधलं हे शहर.

हा गेम जपानमध्ये 31 जानेवारी 1997 ला आला, तीन सीडींचा. आमच्या अंधेरीत तो जरा उशिरा आणि बहुतेकांच्या हाती कॉपी केलेल्या सीडींवरच पोचला. त्यात मिडगारचा भाग काही तासांतच संपायचा. मूठभर बंडखोरांना चिरडण्यासाठी कंपनी सातव्या विभागाचं छतच खाली पाडते, अख्खी वस्ती गाडली जाते, आणि आपण पुढे निघतो, कारण पुढे केवढं तरी जग पाहायचं बाकी असतं. वाईट वाटायचं, पण कुणासाठी वाईट वाटतंय ते नेमकं सांगता आलं नसतं. त्या वस्तीतल्या माणसांशी आपली ओळखच झालेली नसायची.

10 एप्रिल 2020 ला त्याचा रीमेक आला. आपल्याकडे तेव्हा लॉकडाउन होता, लोकल बंद होत्या, ऑनलाइन दुकानांनाही फक्त गरजेच्या वस्तू पोचवायची मुभा होती. या रीमेकमध्ये मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की जुन्या गेममधले ते काही तासच त्यांनी निवडले आणि तेवढ्यावर अठरा प्रकरणांचा संपूर्ण गेम उभा केला. आणि उभा केला तोही जुन्याच मंडळींनी. मूळ गेमचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे इथे निर्माते आहेत. तेत्सुया नोमुरांनी सव्विसाव्या वर्षापर्यंत ज्या गेमची पात्रं रेखाटून दिली होती, त्याच्या रीमेकचं दिग्दर्शन पूर्ण केलं तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. मधल्या काळात ज्या माणसांकडे बघायचं राहून गेलं होतं, त्यांच्याकडेच ते परत आले असं मला वाटतं.

तिसरं प्रकरण बघा. पाठीवर भलीमोठी तलवार बांधलेला क्लाउड, पूर्वीचा सैनिक, आता पैसे घेऊन लढणारा. त्याला त्याची मैत्रीण टीफा बरोबर घेते आणि वस्तीत पाण्याचे फिल्टर बदलायला निघते. लोकांच्या दारात जायचं, फिल्टर द्यायचा, पैसे घ्यायचे. टीफा प्रत्येकाची विचारपूस करते, हा मागे अवघडून उभा. मग उंदीर मारायची कामं येतात, एका लहान मुलीची हरवलेली मांजरं शोधायची असतात. पाण्याचं बघणारं माणूस वस्तीत काय असतं, हे मुंबईकराला कुणी सांगायला नको. पुढच्या प्रकरणात जेसीचं घर येतं. 1997 मध्ये जेसी म्हणजे खोटं ओळखपत्र बनवून देणारी, चार वाक्यं बोलून नाहीशी होणारी पोरगी. इथे तिचे वडील अंथरुणाला खिळलेले दिसतात, आई तिच्या मित्रांना आग्रहाने पिझ्झा वाढते. ही मुलगी बंडखोरांत का गेली, ते त्या घरात गेल्यावर कळतं.

सध्या शनिवार-रविवारी, घर जागं व्हायच्या आत, मी हा गेम दुसऱ्यांदा खेळतो आहे. भाचा राहायला आला होता, तो म्हणाला, “मामा, छत पडणार हे तुला माहितीये ना? मग त्या उंदरांच्या मागे एवढा वेळ कशाला घालवतोस?”

लहानपणी आजीबरोबर मी कीर्तनाला जायचो. उत्तररंगात अभिमन्यूचं आख्यान लागलं, की तो चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे मंडपातल्या शेवटच्या पोरालाही ठाऊक असायचं. आणि बुवा नेमके उत्तरेच्या निरोपापाशी रेंगाळायचे. कुणी म्हणायचं नाही, की आटपा आता. शेवट माहीत असतो म्हणूनच त्या निरोपाला थांबता येतं. छत बाराव्या प्रकरणात पडणार हे मला माहीत आहे, म्हणून तिसऱ्या प्रकरणात दारावरच्या माणसाचं बोलणं मी अर्ध्यावर तोडत नाही.

करड्या बुरख्यातल्या काही सावल्या या रीमेकमध्ये फिरतात. गोष्ट जुनी वाट सोडायला लागली, की त्या झुंडीने येऊन तिला परत वाटेवर ओढतात. कल्पना चांगली आहे. पण शेवटी नायक प्रत्यक्ष नियतीशीच लढतात तिथे गेम फार मोठ्याने बोलतो. फिल्टर बदलण्यात जे होतं, ते त्या झगमगाटात सापडत नाही.

डोक्यावरचं कोसळणं आम्हा अंधेरीकरांना कल्पनेतलं राहिलेलं नाही. 3 जुलै 2018 च्या सकाळी, भर पावसात, गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला, नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि तो पूर्ण खुला व्हायला मे 2025 उजाडला. मधल्या काळात, 2023 च्या जानेवारीत, मेट्रो गुंदवलीपर्यंत आली. गुंदवली, मोगरा ही इथली जुनी गावं. कित्येक वर्षं ‘अंधेरी ईस्ट’ या दोन शब्दांत ती बुडून गेली होती. आता डब्यात रोज त्यांची घोषणा होते, आणि कालपरवा राहायला आलेली माणसंही रिक्षावाल्याला “गुंदवली” असं सांगतात. मला हे मनापासून आवडतं. मिडगारमध्ये ही सोय नाही.

दुसरा भाग, ‘रीबर्थ’, 29 फेब्रुवारी 2024 ला आला. त्यात शहर मागे पडतं आणि मोकळं जग सुरू होतं. तो माझ्याकडे आहे, घाई नाही. सातव्या विभागातली लहानसहान कामं अजून शिल्लक आहेत. त्या मुलीची तीन मांजरं होती, दोन मिळाली. तिसरं शोधतो आणि मग चौथ्या प्रकरणाकडे वळतो.