हातातून सुटलेली चकती

फळाची आशा सोडून कर्म करावे, हे सांगणे आपल्याकडे इतक्या लहानपणापासून आणि इतक्या वेळा कानांवर पडते की त्यात दडलेली अडचण पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. ज्याला फळाची आशा नाही त्याने फळाचा विचार तरी कशासाठी करावा, आणि ज्याने फळाचा विचारच केला नाही त्याच्या हातून कर्म नीट कसे व्हावे? पिकाचा विचार न करता पेरणी करणारा शेतकरी, किंवा रोगी बरा होतो की नाही इकडे लक्षच न देता मात्रा उगाळणारा वैद्य, यांना कर्मयोगी म्हणावे की बेफिकीर म्हणावे? चाळीसएक वर्षे मी हा प्रश्न मनात वागवीत आलो. प्रवचने ऐकली, टीका वाचल्या, बुद्धीचे समाधान पुष्कळदा झाले. मनाचे झाले नाही. ते जिथे झाले ते ठिकाण मठ नव्हे की ग्रंथालय नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात, बर्लिंग्टन गावाजवळ आयडलवाइल्ड नावाचे जे सार्वजनिक उद्यान आहे, त्यातले ते एक गर्द रान होते.

मुलीकडे सिनसिनाटीस मुक्कामाला असताना नातवाच्या आग्रहावरून मी ओहायो नदी ओलांडून तिथे गेलो. तो जो खेळ खेळतो त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फचेच नियम, पण चेंडूऐवजी हाताने फेकायची चकती, आणि खळग्याऐवजी खांबाला बसवलेली, वरून साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत चकती त्या टोपलीत पडली पाहिजे. या खेळाचे पहिले कायमचे मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे एड हेड्रिक या गृहस्थाने आखले, आणि साखळ्यांच्या टोपलीची युक्तीही त्याचीच. २००२ साली तो वारला तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या घडवण्यात आल्या. कित्येकांना हा विक्षिप्तपणा वाटेल. मला तो वाटला नाही. ज्या प्रवाहात आयुष्य वाहिले त्याच प्रवाहात आपली राख मिसळावी ही वासना आपल्या गोदाकाठच्या माणसाला परकी वाटण्याचे काही कारण नाही.

नातवाने एक चकती माझ्या हातात दिली. जेवणाच्या ताटाहून पुष्कळ लहान, वीतभर रुंदीची, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची. कडेवर झाडांच्या आघातांचे इतके ओरखडे होते की अंगठा फिरवला तर खरवडल्यासारखे होई. मोकळ्या मैदानावर हा खेळ बाहुबलाचा आहे. रानात तो तसा राहत नाही. फेकीच्या चौथऱ्यावरून पुढे पाहिले तर दोन्ही बाजूंना खोडांच्या भिंती, मधे आठ-दहा हातांची गल्ली, ती गल्लीही पुढे वळलेली, आणि टोपली कुठे आहे याचा पत्ताच नाही. मला वाटले, आता हा तरणाबांड पोरगा अंगातला सारा जोर लावील. त्याने पिशवीतली सर्वांत वेगवान, पातळ धारेची चकती बाहेर काढलीसुद्धा नाही. जाड कडेची, संथ जाणारी चकती घेऊन तो वळणापर्यंत चालत गेला, टोपली पाहिली, आणि तिथून उलट पावली परत येत, टोपलीवर अखेरची फेक कुठून सोपी पडेल, त्या जागी पोहोचण्यासाठी आधीची चकती कुठे टेकली पाहिजे, अशी उलट्या क्रमाने सगळी तजवीज त्याने केली.

त्या तजविजीत किती बारीक तपशील होता! उजव्या हाताने, हात छातीवरून आडवा ओढून फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आणि वेग ओसरू लागला की हटकून डावीकडे कलते. तळहात पुढे करून बाजूने फेकली तर तेच वळण उजवीकडे पडते. म्हणून गल्ली जिकडे वळते तिकडे फेकही आपल्या स्वभावानेच वळेल असा हात निवडावा लागतो. त्याने चूक होण्याचाही विचार केला होता: डाव्या अंगाला काटेरी जाळी, उजव्या अंगाला विरळ झाडी, तेव्हा चुकायचेच तर उजवीकडे चुकावे. आणि चकती झाडीत शिरलीच, तर खोडांच्या फटीतून टोपलीचा वेध घेण्याचे साहस करायचे नाही, एक फेक खर्ची घालून मुकाट्याने आडवे मोकळ्या वाटेवर यायचे, हेही त्याने आधीच ठरवले होते. “आजोबा, झाडाकडे बघायचं नाही, फटीकडे बघायचं,” एवढे बोलून त्याने श्वास सोडला आणि चकती फेकली.

ती हातातून सुटली त्या क्षणाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर उत्कंठा नव्हती, आणि उदासीनताही नव्हती. इतका वेळ ज्या मनाने फळाचा अणुरेणू तपासला, त्या मनाने आता फळावरचा हात काढून घेतला होता. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात फलाशेचा त्याग म्हणजे कर्माच्या हेतूचा वा योजनेचा त्याग नव्हे, हे विस्ताराने प्रतिपादिले आहे; मी ते तरुणपणी वाचले होते, परीक्षेपुरते पटलेही होते. पण फलविचार आणि फलाशा यांच्यामधली सीमारेषा नेमकी कुठून जाते, हे मला त्या रानात दिसले. चकती बोटांना चिकटलेली असते तोवर फळाचा विचार हे कर्तव्य आहे. ती सुटल्यावर तोच विचार आसक्ती होतो. या दोन अवस्थांमध्ये एका निमिषाचे अंतर आहे, आणि साधनेचा सारा कस त्या निमिषात लागतो. फेकतानाच ज्याची नजर साखळ्यांकडे धावते त्याचा खांदा वेळेआधी उघडतो आणि चकती पहिल्याच खोडावर आदळते, असे नातू सांगे. म्हणजे फलाशा ही नुसती चित्ताची मलिनता नव्हे, ती कर्मही बिघडवते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे पायांखालची जागा असा साधा अर्थ घेतला, तर जागा, फेकणारा, चकती आणि फेक ही चार त्या चौथऱ्यावर माझ्या डोळ्यांपुढे उभी होती; पाचवे रानभर पसरले होते. उत्तम फेकलेली चकती करंगळीएवढ्या फांदीला लागून दरीत गेली, आणि आणखी एकदा अगदी चुकलेली चकती ओकच्या बुंध्यावर आपटून बरोबर वाटेच्या मध्यावर येऊन पडली. पहिल्या वेळी फिर्याद करावीशी वाटते. दुसऱ्या वेळी मात्र ते आपलेच कौशल्य होते असे मानण्याचा मोह होतो. दैवाला पाचवे स्थान देणाऱ्याने दोन्ही वेळी सारखेच गप्प बसले पाहिजे, आणि माझा नातू तसा बसला. दैव म्हणजे आळशाची सबब, असे आपल्याकडचे सुधारक म्हणत आले, आणि पहिल्या चार कारणांत कुचराई करणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. ज्याने त्या चारांत कसर ठेवली नाही, त्याच्या तोंडी तो शब्द सबब राहत नाही.

या खेळाचे दोन नियम मला शास्त्रवचनांच्या योग्यतेचे वाटले. चकती झुडपात पडली तर खेळाडूने अशा रीतीने उभे राहावे की झाडाची फांदी कमीत कमी हलेल. आपली वाट मोकळी करण्यासाठी ती मोडणे तर दूरच, वाकवून धरण्याचीही मुभा नाही. दुसरा नियम हरवलेल्या चकतीचा. शोधाची मुदत तीन मिनिटांची. ती संपली की एक फेक दंड, आणि मागच्या जागेवरून पुन्हा फेक. पंच बहुधा नसतो. खेळणाऱ्यांनीच एकमेकांचा आणि स्वतःचा फैसला करायचा असतो.

दिवस मावळतीला आला होता, पानगळीने जमीन झाकली होती. नातवाची दुसरी फेक फांदीला लागून पाचोळ्यात गडप झाली. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि आम्ही दोघे पायांनी पाने सारीत शोधू लागलो. अखेर एका आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या कुशीत मला तिची निळी कड दिसली. मी आनंदाने ती उंच धरली. तो म्हणाला, “आजोबा, वेळ संपली.” किती सेकंदांनी, हे मी विचारले नाही. तो मागे गेला, त्याने चकती पुन्हा फेकली, पुढच्या फेकीत साखळ्या वाजल्या. माझ्याखेरीज पाहणारे तिथे कोणी नव्हते, आणि मला नियम ठाऊक नव्हता. त्याने आकडा मोठ्याने उच्चारला आणि नोंदला: पाच.