पेटीतली रिकामी जागा

उल्हास नदीच्या काठी, दहिवलीच्या बाजूला, एका लहान पुलासाठी बोअर चालला होता. मशिनवर एक म्हातारा मिस्त्री होता, हाताखाली एक पोरगा. तिथला कातळ लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर थिजत गेलेला. नळी खाली जायची आणि दगडाच्या गोल कांड्या घेऊन वर यायची. पोरगा त्या कांड्या खोलीच्या क्रमाने लाकडी पेटीत मांडायचा.

काळा पाषाण लागत होता. घणालाही दाद न देणारा. एकदा मात्र नळी 150 सेंटीमीटर उतरली आणि वर आला 105 सेंटीमीटरच दगड. बाहेर पडणारं पाणी तेवढं तांबडं झालं होतं.

पोरगा घाबरला. साहेब विचारणार, बाकीचा दगड कुठे गेला? त्याने तुकडे जरा जरा सरकवले. पेटी भरलेली दिसू लागली.

मिस्त्रीने पाहिलं. तो रागावला नाही. तुकडे पुन्हा एकमेकांना भिडवले, उरलेल्या जागेत लाकडाचा ठोकळा बसवला आणि त्यावर 45 लिहिलं.

“काका, आपलीच चूक म्हणतील.”

“म्हणू दे. दगड धुऊन गेला की आपल्या हातून गेला, ते मागाहून ठरेल. गेला, हे आधी दिसू दे.”

प्रयोगशाळेत निवडक कांड्यांची टोकं सपाट कापली, लांबी जाडीच्या दुप्पट ठेवली, पाण्यात भिजवून यंत्राखाली दाबल्या. पाषाणाने भरपूर भार सोसला. कंत्राटदार खूश झाला. म्हणाला, पाया इथेच धरा.

इंजिनिअरबाईंनी मात्र पेट्या मागवल्या. नळीच्या त्या 150 सेंटीमीटरच्या फेरीतले 10 सेंटीमीटरहून लांब तुकडे मोजले. बेरीज 75 भरली, म्हणजे निम्मीच. मग त्यांचं बोट ठोकळ्यावर थांबलं. त्यांनी शेजारी दुसरा बोअर घ्यायला लावला, सावकाश, पाणी बेताने सोडून. या वेळी गेरू हाती आला. दोन थरांमधला तांबडा, चिमटीत कुस्करला जाणारा.

यंत्राखाली जायला तुकडा आधी अखंड वर यावा लागतो. म्हणून तिथवर पोचतो तो खडकातला तगडा भाग, आणि तो खरंच तगडा असतो. जे वाटेतच विरघळलं, त्याच्या वतीने बोलायला रिकामी जागाच उरते. तीही कुणी राखली तर.

पाया गेरूच्या खाली नेला. खर्च वाढला, कंत्राटदार कुरकुरला. पुढच्या बोअरला पोरग्याने आधीच ढीगभर ठोकळे कापून ठेवले. मिस्त्री हसला. “एवढे नको रे. सगळंच काही वाहून जात नाही.”