खळ आणि हमाल

नेवाशाला ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले, त्यात दुष्टांचा नाश नव्हे, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. आम्ही नगरकडचे मास्तर हे वर्षानुवर्षे शिकवतो.

मुंबईच्या आय.आय.टी.त डॉ. राहुल पुरवार यांनी टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने रक्ताच्या कर्करोगावर उपचार सिद्ध केला. २०२३ साली त्याला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत नवे जनुक घालायचे. ते आत नेतो कोण? एड्सच्या विषाणूपासून घडवलेला, वाढण्याची शक्ती हिरावून घेतलेला विषाणू!

वाकडेपणा गेला खरा. पण तो सज्जन झाला काय? मला तसे वाटत नाही. हमालाला पोत्यात काय आहे, याच्याशी कर्तव्य नसते. आणि ते जनुक मिळालेल्या टी-पेशी 'सीडी-१९' ही खूण दिसेल त्या प्रत्येक बी-पेशीला मारतात. मग ती रोगी असो वा निरोगी. हा निरपराधांचा बळी आपण बिनतक्रार मान्य करतो. माझ्या घरी रोगी असता तर मीही केला असता. माणसांच्या वस्तीबद्दल मात्र कोणी असा हिशेब मांडला, तर त्याच्या पंगतीला मी बसणार नाही. पेशीची वाट पाहत दारात कोणी उभे नसते, हाच काय तो फरक.

तरी तिची उणीव भासतेच. कित्येक रुग्णांना पुढे अनोळखी दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये टोचून घ्यावी लागतात.