कुलुपांतील स्मृति

एखादी वस्तु आपल्या घरांत आहे, तिच्यासाठीं आपण पैसे मोजले आहेत, आणि हवी तेव्हां ती आपल्या हातीं येते, एवढ्यावरून ती आपली झाली असें आपण समजतों. सामान्य व्यवहाराला ही समजूत पुरते. तांब्या आपला, घोंगडी आपली, कपाटांतील पुस्तक आपलें. परंतु गीत, चित्र, कथा अशा वस्तूंच्या बाबतींत स्वामित्वाचा प्रश्न इतका सरळ कधींच नव्हता. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघर आलेल्या एका लहानशा काळ्या पेटीनें तर तो फारच बिकट करून ठेवला आहे. ही पेटी म्हणजे उपग्रहावरून येणारें चित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणणारा सेट-टॉप बॉक्स. कांहीं पेट्यांत आवडलेला कार्यक्रम टिपून ठेवण्याची सोय असते. तो टिपलेला कार्यक्रम तेथून काढून आपल्या संगणकावर नेतां येईल काय, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. त्याच्या पोटांत मात्र नीतीचा एक प्रश्न आहे, आणि त्याचाच येथें विचार करावयाचा आहे. जी आठवण दुसऱ्याच्या परवानगीवांचून उघडतां येत नाहीं, ती आपली म्हणावी काय?

उपग्रहाचें चित्र थेट घरावरील थाळींत घेण्याची व्यवस्था आपल्या देशांत २००३ सालीं व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, आणि डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शननें आपली विनामूल्य सेवा तिच्या जोडीस आणली. शहरांत केबलची तार आधींच पोहोंचली होती. या थाळीचें खरें महत्त्व जेथें ती तार पोहोंचत नव्हती तेथें होतें. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांतील खापर हें गांव घ्या. एका अंगास सातपुड्याच्या रांगा, दुसऱ्या अंगास जवळच गुजरातची सीमा, आणि मधून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. येथील बाजारांत भिल्ली, अहिराणी, गुजराती आणि मराठी अशा चार भाषा कानीं पडतात. आज येथील छपरांवरही थाळ्या आकाशाकडे तोंड करून बसल्या आहेत, आणि सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून येणारें चित्र मुंबईच्या दिवाणखान्यांत जितकें स्वच्छ दिसतें तितकेंच येथेंही दिसतें.

येथें आमचे एक शिक्षक-स्नेही राहतात. कांहीं वर्षांपूर्वीं सातपुड्यांतील होळीवर एका वाहिनीनें कार्यक्रम दाखविला. याच तालुक्यांतील काठी येथील होळीमुळें या भागाकडे होळीच्या दिवसांत बाहेरच्या लोकांचें लक्ष असतेंच. त्या कार्यक्रमांत गाणाऱ्या बायकांच्या मेळ्यांत आमच्या स्नेह्यांच्या मातोश्री होत्या. पडद्यावर त्या दोन-अडीच मिनिटें दिसल्या असतील. घरांतील पेटीनें कार्यक्रम टिपून घेतला. पुढच्या वर्षीं मातोश्री वारल्या. पुण्यास शिकणाऱ्या नातवानें आजीचें गाणें आपल्या संगणकावर घेण्याचा प्रयत्न केला. पेटींतील हार्ड डिस्क काढून संगणकास जोडली, तर संगणक तिला ओळखीना. जो मजकूर दिसला तो निरर्थक आंकड्यांचा पसारा होता. कांहीं महिन्यांनीं पेटी बिघडली. कंपनीच्या माणसानें नियमाप्रमाणें जुनी पेटी नेली आणि नवी आणून दिली. नवी पेटी जुनीपेक्षां चांगली होती. फक्त तींत आजीचें गाणें नव्हतें. गांवाचें नांवच खापर, तेव्हां तें आतां कोणाच्या माथीं फोडावें, असा विनोद आमच्या स्नेह्यांनींच केला. परंतु तो करतांना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं यंत्राचें मर्म समजून घेतलें पाहिजे. आकाशांतून येणारा चित्रप्रवाह मुळांतच सांकेतिक रूपांत असतो. पेटींतील लहानसें कार्ड वर्गणी भरणाऱ्यापुरता तो संकेत उलगडतें. पेटी जेव्हां कार्यक्रम टिपते तेव्हां तो पुन्हां सांकेतिक रूपांतच डिस्कवर ठेवते, आणि त्याची किल्ली त्याच पेटींत असते. म्हणून डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडली तर कांहीं उमगत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तर वर्गणी थांबली कीं पूर्वीं टिपलेलेंही दिसेनासें होतें. पेटीकडून पडद्याकडे जाणाऱ्या एचडीएमआय तारेंतूनही चित्र सांकेतिक होऊनच जातें. जुन्या पेट्यांना पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या टोकांची तार जोडण्याची सोय असे. तिच्यांतून निघणारें चित्र संगणकास घेतां येतें, परंतु १०८० रेषांच्या मूळ चित्राचें त्यांत ५७६ रेषांचें चित्र होतें. उलट दूरदर्शनच्या विनामूल्य सेवेंतील ज्या वाहिन्यांवर संकेताचें कवच नाहीं, त्या संगणकास योग्य उपकरण जोडून सरळ टिपतां येतात. म्हणजे अडचण यंत्राच्या असमर्थतेची नाहीं. यंत्राला जें सहज करतां आलें असतें, तें त्यानें करूं नये अशी योजना जाणूनबुजून केलेली आहे.

या योजनेमागील पक्ष हलका नाहीं. पोथी हातानें उतरून काढावयाची तेव्हां उतरणाऱ्याचे श्रम हेंच मूळ कर्त्याचें संरक्षण होतें. शंभर प्रति काढणाऱ्यास शंभरपट खपावें लागे. संगणकाच्या प्रतीला श्रम नाहींत, आणि हजाराव्या प्रतींतही मूळचा कस उणा होत नाहीं. सकाळीं दाखविलेला चित्रपट संध्याकाळीं बाजारांत फुकट वाटला गेला, तर लेखक, नट, गायक, छायाचित्रकार यांनीं जगावें कशावर? दुसऱ्याच्या श्रमाचें फळ न विचारतां वाटून टाकणें ही चोरीच आहे, आणि चोराला अडविण्यासाठीं कोणी दाराला कुलूप लावलें तर त्याला दुष्ट म्हणतां येत नाहीं.

परंतु चोरी आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद आमच्या कायद्यानें स्पष्ट ओळखला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमान्वयें, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं प्रक्षेपणाची ध्वनिचित्रफीत करणें हा प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग नव्हे. ५२ व्या कलमानें खाजगी उपयोगासाठीं केलेल्या उचित वापरास अवकाश ठेवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें ६५ अ हें कलम आलें. त्यानें संरक्षक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली, परंतु ती हक्कभंगाच्या हेतूनें मोडणाऱ्यास. अमेरिकेंतही १९८४ सालीं सोनी कंपनीच्या घरगुती टिपणयंत्राचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय झाला कीं, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठीं घरीं टिपून ठेवणें हा अन्याय नव्हे. तेव्हां नातवानें आजीचें गाणें आपल्यापुरतें जपावें, यास कायद्याची हरकत दिसत नाहीं. हरकत आहे ती पेटीची. कायदा हेतु विचारतो. कुलूप हेतु विचारीत नाहीं. प्रक्षेपकाचा हक्कदेखील कायद्यानें पंचवीस वर्षांचा ठरविला आहे. पेटींतील कुलुपाला मात्र वर्षें मोजतां येत नाहींत. म्हणजे लोकप्रतिनिधींनीं विचार करून जी सवलत नागरिकास दिली, ती एका यंत्राच्या रचनाकारानें कोणास न विचारतां परत घेतली. हें या प्रकरणांतील खरें वैगुण्य आहे, असें आम्हांस वाटतें.

कुलुपांत वाङ्मय ठेवण्याचा प्रयोग महाराष्ट्रास नवा नाहीं. महानुभाव पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळें 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतकें पंथाबाहेरील मराठी वाचकांस अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, आणि मराठी भाषेच्या इतिहासाचीं पहिलीं पानें नव्यानें लिहावीं लागलीं. बाहेरच्या जगाचें त्या संकेतानें नुकसान केलें, हें खरेंच. परंतु न्यायबुद्धीनें पाहतां एक गोष्ट पंथाच्या बाजूनेंही सांगितली पाहिजे. तेथें किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात होती. प्रत्येक पिढींत ती जाणणारा कोणीतरी जिवंत होता, म्हणून कुलूप असूनही ग्रंथ मेला नाहीं. आमच्या काळ्या पेटीचें तसें नाहीं. तिची किल्ली तिच्याच पोटांत जन्मते आणि तिच्याबरोबरच मरते. तिला शिष्य नाहीं. महानुभावांनीं परक्यापासून ग्रंथ लपविला. ही पेटी ज्यानें टिपलें त्याच्यापासूनच टिपलेलें लपविते.

यावर कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला? मूळ कार्यक्रम ज्याचा त्याच्याकडे सुरक्षित असेलच. अनुभव असा नाहीं. ब्रिटनमधील बीबीसीनें १९६० च्या दशकांतील आपल्या अनेक कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हां वापरल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकूं येतो, तो कांहीं प्रेक्षकांनीं घरीं बसून तो टिपून ठेवला म्हणून. १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला त्या क्षणाचें मूळ चित्रांकन ज्या फितींवर होतें, त्या बहुधा पुसून पुन्हां वापरल्या गेल्या, असें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनेंच २००९ सालीं जाहीर केलें. आणि याच अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनीं १९७९ पासून २०१२ मध्यें आपल्या मृत्यूपर्यंत घरीं दूरचित्रवाणीवरील बातम्या अखंड टिपल्या. त्यांच्या सुमारें सत्तर हजार फिती पुढें इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. ज्याला संस्थांनीं कचरा मानलें, तें व्यक्तींच्या हौसेनें वांचविलें. तिच्या पेटीला आजचें कुलूप असतें, तर तिच्या मागें उरला असता तो केवळ प्लॅस्टिकचा ढीग.

हल्लीं सर्व कांहीं इंटरनेटवर मिळतें, हें उत्तरही पुरेसें नाहीं. तेथेंही वस्तु आज असते आणि करार संपला कीं उद्यां नसते. वर्गणीदाराच्या हातीं कांहींच राहत नाहीं. शिवाय ज्या दोन-अडीच मिनिटांविषयीं आपण बोलत आहों, तीं जगाच्या दृष्टीनें नगण्य आहेत. कोणताही व्यापारी तीं पुन्हां दाखविण्याचा खर्च करणार नाहीं, आणि त्याला तसा दोषही देतां येणार नाहीं. त्यांचें मोल एका घरापुरतें आहे. म्हणूनच तीं जपण्याचा अधिकारही त्या घरापाशीं असला पाहिजे. ज्या समाजांचीं गाणीं अद्याप पुष्कळशीं कागदावरही आलीं नाहींत, त्यांच्या बाबतींत हा घरगुती अधिकार अधिकच मोलाचा ठरतो. सातपुड्यांतील एका वृद्धेच्या गळ्यांतील चाल पडद्यावर एकदां उमटून जावी आणि तिच्याच नातवंडांना ती पुन्हां ऐकतां येऊं नये, यांत कोणत्या कलावंताचें रक्षण झालें?

तथापि अधिकाराबरोबर कर्तव्य येतें, आणि तें प्रेक्षकाच्या बाजूलाही आहे. साधारण प्रतीचें उच्चस्पष्टतेचें चित्र तासाला साडेतीन गिगाबाइटांच्या आसपास जागा व्यापतें. एक हजार गिगाबाइटांच्या डिस्कवर पावणेतीनशें तास मावतात. इतकी जागा स्वस्त झाली म्हणजे मनुष्य पाहण्याचें टाळून सांठवूं लागतो. टिपून ठेवलें म्हणजे पाहिलें, असा त्याला भ्रम होतो. सांठा म्हणजे स्मृति नव्हे; स्मृतींत निवड असते. शिवाय संगणकाची डिस्कही अमर नाहीं. ती बिघडते, आणि तिच्यावरील मजकूर दर कांहीं वर्षांनीं दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावा लागतो. जुना लेखक पोथीच्या शेवटीं वाचकास विनवीत असे कीं, तेलापासून, पाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून हिला सांभाळ. ती विनवणी आजही लागू आहे. पोथी बदलली, मूर्ख बदलले नाहींत. आणि सर्वांत मोठें कर्तव्य हें कीं, जें घरासाठीं घेतलें तें घरांतच ठेवावें. खाजगी उपयोगाच्या सवलतीचा आडोसा घेऊन जो कार्यक्रम वाटतो अथवा विकतो, तो कुलूप करणाऱ्याच्या हातीं आयतें समर्थन देतो.

हीं दोन्ही कर्तव्यें मान्य केलीं म्हणजे न्यायाची मागणी फारशी अवघड राहत नाहीं. पेटी बदलतांना अथवा वर्गणी सोडतांना टिपलेले कार्यक्रम ग्राहकाच्या स्वाधीन करावे, निदान त्याच्या पुढच्या पेटींत उतरून द्यावे. त्यावर ग्राहकाची ओळख उमटवावी, म्हणजे तो वाटावयास निघाला तर सांपडेल. कुलुपाला मुदत असावी, आणि कायद्यानें दिलेला पंचवीस वर्षांचा हक्क संपला कीं तें आपोआप उघडावें. छापील पुस्तकांच्या प्रति राष्ट्रीय ग्रंथालयास देण्याचा कायदा आपण १९५४ सालींच केला. त्याच न्यायानें प्रक्षेपित चित्रांच्याही जतनाचा विचार व्हावा. यांत कलावंताचें कांहीं हिरावलें जात नाहीं. हिरावली जाते ती फक्त निष्काळजीपणाची सोय.

याच नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं प्रकाशें येथें १९५५ सालीं पुरातत्त्व खात्यानें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष हातीं आले. त्यांत मातीच्या फुटक्या भांड्यांचे तुकडे होते. ज्यांनीं तीं भांडीं घडविलीं, त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. परंतु त्या खापरांवरील रंग आणि रेषा पाहून तीं माणसें कशीं राहत असतील, याचा अभ्यासकांस अंदाज करतां आला. मातीच्या त्या तुकड्यानें आपल्याला पाहूं देण्यापूर्वीं कोणाची परवानगी मागितली नाहीं. आमच्या पिढीचीं चित्रें त्या मातीपेक्षां कितीतरी स्पष्ट आहेत, रेषेन् रेषा मोजून घेतलेलीं आहेत. पुढच्या पिढ्यांना तीं वाचतां यावीं, एवढाही मोकळेपणा जर आम्हीं त्यांत ठेवला नाहीं, तर त्या स्पष्टतेचा अभिमान आम्हीं कशासाठीं बाळगावा?